तारामासा आपल्या नात्यातला आहे

मित्रहो, आज आमच्या दिग्रसच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल होती. बाहेरून परीक्षक आले होते. कोट, अत्तर, ड्रायव्हर सगळं सोबत होतं, अभ्यास तेवढा घरी राहिला होता.

माझी एक विद्यार्थिनी बोंडअळीतून वाचलेला कापूस वेचून थेट परीक्षेला आली. तिची ओरखडलेली बोटं पाहून साहेबांनी नाक मुरडलं. तिनं पृष्ठरज्जू, पोकळ चेतारज्जू, कल्लाविदरं, शेपूट अशी, माणूस ज्यात मोडतो त्या प्राणिसंघाची लक्षणं धडाधड सांगितली. मग त्यांनी बरणीतला तारामासा दाखवला. "नात्यानं आपल्याला जवळचं कोण? हा की गोगलगाय?"

"हा, सर. गर्भात याचं न् आपलं गुदद्वार आधी बनते, तोंड मागून. गोगलगायीचं उलटं असते."

साहेब खो खो हसले. "याला डोकं नाही, कणा नाही. हा तुझा नातेवाईक?" आणि गुण कापले. पुस्तकात तिचंच उत्तर आहे. ते त्यांनी शेवटचं स्वतःच्या परीक्षेला उघडलं असावं.

मी शेजारीच होतो. त्यांना चहा दिला, गुणपत्रिकेवर सही केली.

जाताना पोरीनं विचारलं, "सर, माहं बरोबर होतं न?"

"बरोबर होतं."

"मंग तुमी तिथं काहून नाई बोलले?"

तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.