चढावर सोडलेला लाल दोरा

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा रामापुढे पदर पसरून मी बोलून बसले होते, की हे धडधाकट झाले तर आम्ही दोघं सायकलने रामटेकचा गड चढू. देव ऐकतो हो, पण मग आपल्यालाच धडकी भरते. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर. चढावर जोर लावायचा नाही, हलका गिअर टाकून सावकाश जायचं.

आणि नेमका चढावरच ह्यांच्या सायकलचा गिअर अडला! चेन मोठ्या दातेरी चाकावरून लहान चाकावर ढकलणारा पुढचा डिरेलर आत सरकेचना. नागपुरातल्या सपाट रस्त्यांवर ह्यांना लहान चाक कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे कळलंही नव्हतं. हे पक्के हट्टी. तसेच जोर लावून पायडल मारायला लागले. कपाळावरचा घाम पाहून माझा जीव खालीवर. "उतरा म्हणते ना!" मी ओरडलेच. मग रस्त्याकडेला बसून ह्यांनी पेचकसाने डिरेलरला फार आत जाऊ न देणारा स्क्रू ढिला केला, केबल सैल केली. छे, नाहीच. "चालत जाऊ," म्हटलं तर म्हणतात, "नवस सायकलचा हाये. असाच चढवतो." मला रडूच फुटलं. रामा, तूच आणलंस, आता तूच काय ते बघ, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात गडावरून एक बाई लंगडत उतरली. तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता. "काहून रडून राहिल्या वं बाई?" तिनं विचारलं, आणि सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, "तो लाल दोरा मले देता का? चप्पल बांधाले होईल."

तो दोरा मी दसऱ्याच्या पूजेत बांधला होता. ह्यांना काही होऊ नये म्हणून, डिरेलरलाच चांगले गच्च वेढे देऊन. "अवं, पूजेचा हाये तो!" हे म्हणाले. मलाही देववेना. पण बाईचा पाय तापल्या डांबरावर पोळत होता. सोडला मी एकेक वेढा, मन घट्ट करून. ती चप्पल बांधून निघून गेली. ह्यांनी सहज पायडल फिरवून गिअर टाकला, तर डिरेलर खटकन आत! माझ्याच दोऱ्याचे वेढे त्याच्या सांध्यात अडकून होते. आता तर चेन लहान चाकाच्याही पलीकडे जाऊन पडली. उगाच ढिला केलेला स्क्रू हसत हसत परत आवळावा लागला.

ती बाई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना तिच्या पायांना हात जोडते. ऑपरेशनपासून मी ह्यांच्या मागेमागेच असायची, श्वासाकडे कान लावून. त्या दिवशी वाटलं, सांभाळणारा सांभाळतो आहे, मी आणखी किती बांधून ठेवू? मी माझी सायकल काढली आणि पुढे निघाले. वळून पाहिलं नाही. वळणापाशी मागून हाक आली, "अवं थांब ना, मले सोडून चालली का?"

आवाजाला दम लागलेला नव्हता.