तिघांच्या वहीवर माझं नाव

ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून मी कॅनडाला निघालो त्या सकाळी दारात ऑटो उभा होता. कंपनीची बस त्याच वेळी अर्धी रिकामी चंद्रपूरकडे जायची आणि ड्रायव्हर ओळखीचा होता, पण बाबा म्हणाले, "बस कामावरच्या लोकांची हाये." बाबा वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. सुटीच्या वेळी खिशातलं कंपनीचं पेन टेबलावर ठेवूनच ते गेटबाहेर पडत. एकदा चुकून एक पाना घरी आला, तेव्हा जेवण सोडून तो परत द्यायला गेले. "घरी आलं म्हून आपलं झालं नाई," एवढंच बोलले.

माझ्या दोन बॅगा होत्या, प्रत्येकी तेवीस किलो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर दोनदा तोललेल्या. ऑटो सुरू होणार तोच माझे शाळेपासूनचे मित्र विलास आणि प्रतिभा एकाच सायकलवर आले. विलासच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जाड वही होती.

"तू ने," तो म्हणाला. "इथी उधई लागते, कागद खाऊन टाकते."

"बॅगेत जागा नाही."

"तुह्या आईच्या कुरड्या काढ," प्रतिभा म्हणाली. "तिथी कोण तळून देणार हाये तुले?"

कुरड्यांचं एक पाकीट बाहेर आलं आणि वही आत गेली. ती मला सांभाळायला दिली होती, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढचं सगळं त्यावरच आहे.

वहीत आमचा खेळ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पात्राने जे करायचं ठरवलं ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. त्याचं इंग्रजी नियमपुस्तक विलासच्या मावसभावाने हैदराबादहून आणलं होतं. त्यात किल्ले आणि बर्फाचे डोंगर होते. आम्ही नववीतली तिघं. आम्हाला ते डोंगर दिसेनात, म्हणून आम्ही त्या नियमांवर आपलं जंगल बसवलं. विलासचं आजोळ सिरोंच्याचं. गोदावरीच्या पात्रातले सगळे जीव त्याने आजीच्या तेलुगू गोष्टींमधून आणले. प्रतिभाने जंगलाचे कायदे केले. आत शिरण्याआधी काय हवं ते मोठ्याने सांगायचं आणि तेवढंच आणायचं. वाघ दिसायचा नाही, फक्त त्याची चाहूल लागायची. मी आकड्यांचे तक्ते केले: किती मोहाफुलं किती दिवस पुरतील, पूर किती हात चढेल.

प्रतिभाचा आणखी एक नियम होता. जो खेळायला आला नाही त्याचं पात्र मारायचं नाही. ते गावच्या चौकीवर बसतं, आणि त्याच्यासाठी हजर असलेला कोणीतरी फासा टाकतो. एक पडला तर ते तापाने पडतं, पण मरत नाही. तिचे वडील पाळीच्या ड्यूटीवर असत आणि त्यांचं ताट झाकून ठेवलं जाई. नियम बहुधा तिथूनच आला असावा.

कॅल्गरीत पहिली दोन वर्षं मी ऑफिस आणि भाड्याचं बेसमेंट याखेरीज कुठे गेलो नाही. मी विमा कंपनीत आकडेमोड करतो. मग जवळच्या लायब्ररीत दर गुरुवारी हाच खेळ खेळणारे लोक भेटले आणि मी वही काढली. त्यांना ती फार आवडली. माझी ओळख 'जंगलवाला' अशी झाली. पुढे मी वहीचं इंग्रजी करून नेटवर टाकलं, विलास-प्रतिभाला फोन करून, तिघांच्या नावाने. मूळ खेळाच्या प्रकाशकाचा एक खुला परवाना होता. त्याच्या नियमांवर कोणीही आपलं जग बांधावं आणि वाटावं.

काही वर्षांपूर्वी बातमी आली की तो प्रकाशक हा परवाना बदलणार. नवी आवृत्ती येणार आणि लोकांनी बांधलेल्या गोष्टींवर तो हक्क सांगू शकणार. सगळीकडे आरडाओरड झाली आणि त्यात मी पुढे होतो. सहीपत्रक फिरवलं. एका आठवड्यात अकरा मोठ्या पोस्ट लिहिल्या. एकीत लिहिलं होतं: अनेकांनी मिळून उभं केलेलं जग एका सहीने कोणी कसं घेऊ शकतो? ती पोस्ट खूप फिरली.

त्याच आठवड्यात एका लहान प्रकाशन कंपनीने जाहीर केलं की तुमचं काम आमच्याकडे आणा, आमचा करार सुरक्षित आहे. मी फॉर्म उघडला. लेखकाच्या नावाला एकच रकाना होता. खाली चौकोन होता: मी या कामाचा एकमेव लेखक आहे. विलासचा नंबर माझ्याकडे होता, प्रतिभाचाही. दोन फोन पुरले असते. लोक घाईत आहेत, आपलं राहून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चौकोनात खूण केली. पैशांचा प्रश्न नव्हता, ते नगण्य होते. तो असता तर मला आज कमी लाज वाटली असती. मला कव्हरवर नाव हवं होतं.

मोठ्या प्रकाशकाने पुढे माघार घेतली. म्हणजे आमचं काम जिथे होतं तिथे सुरक्षितच होतं. माझं पुस्तक मात्र निघालं. कव्हरवर भलामोठा वाघ आणि खाली माझं एकट्याचं नाव. लायब्ररीत केक कापला. बायको मंजुषा पुस्तक चाळून म्हणाली, "तिघांचं होतं ना हे?" मी म्हणालो, फॉर्ममध्ये जागा नव्हती. तिने पुस्तक मिटून ठेवलं. पुन्हा ते तिने हातात घेतलं नाही. गावी मी कोणालाच काही कळवलं नाही.

विलासचा फोन आला तेव्हा इथे शनिवारची संध्याकाळ होती, तिकडे रविवारची सकाळ. तो आता सिरोंच्याला शिक्षक आहे. प्रतिभा अहेरीला नर्स आहे आणि महिन्यातून एका रविवारी एसटीने त्याच्याकडे खेळायला येते.

"काऊन बे, मले नोटीस आली," तो म्हणाला. त्याने तीच जुनी तिघांच्या नावाची प्रत नेटवर ठेवली होती. माझं पुस्तक काढणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेने ती शोधून आपोआप उतरवली होती. "लिवलं हाये का मी चोरी केली. मालकाच्या जागी तुह्यं नाव हाये. कोणी तुह्या नावानं बदमाशी करून राह्यलं का?"

त्याला माझ्यावर संशयसुद्धा आला नव्हता. मी सांगितलं, ते मीच केलं. त्या रविवारी प्रतिभा तिथेच खेळायला आली होती. फोन तिने घेतला.

"अठरा वर्षं झाले," ती म्हणाली. "दर महिन्याले तुह्या कोतवालासाठी मी फासा टाकते. मागच्या बारीले एक पडला. ताप आला त्याले. आता नोटीसवाल्या खेळात त्याले चौकीवर बसवू का नको, तूच सांग, मालक."

माझं पात्र कोतवालाचं होतं. ते मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी वही काढून पानं मोजली. एकूण एकशे बारा. विलासची एकोणपन्नास, प्रतिभाची चौतीस, माझी एकोणतीस. कंपनीला सगळं खरं लिहिलं आणि काम परत मागितलं. उत्तर आलं की करार मागे घेता येत नाही. मागे न घेता येणारा करार हवा, हे मीच माझ्या अकरा पोस्टमधून मागितलं होतं. फार तर आतल्या पानावर दोन नावं वाढवू, असं ते म्हणाले. ती वाढली, बारीक अक्षरात. त्या जुन्या पोस्टच्या खाली मी काय केलं ते लिहून टाकलं. लायब्ररीतही सांगितलं. तिथल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि मला ते बरोबर वाटलं.

बाबा आता नाहीत. असते तर त्यांना मी हे कोणत्या तोंडाने सांगितलं असतं, माहीत नाही. ऊर्जानगरचं क्वार्टर त्यांच्या निवृत्तीबरोबरच सुटलं. तिथे माझं एकही दार उरलेलं नाही. तरी अठरा वर्षं घर कुठे होतं, तर सिरोंच्यात एका टेबलावर, जिथे माझ्या नावाने फासा पडत होता. मी मात्र त्यांच्या कामावर माझं एकट्याचं नाव लावलं.

गेल्या महिन्यात मी विलासला फोन केला. वही कुरिअरने पाठवू का, विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आमी नवीन वही केली. सगळं नवीन हाये, नदी सोडून. नदी काई कोणाच्या नावावर नाई."

"आणि कोतवाल?"

"तो नाई त्याच्यात." मागून प्रतिभा काहीतरी बोलली. तो ऐकून म्हणाला, "बाई म्हनते, येशीन तर तुह्या हातानं नवीन माणूस बनव. पहिल्या लेव्हलपासून. जुने पॉइंट चालनार नाई."

पहिल्या लेव्हलच्या पात्राला काहीच येत नसतं. एका फटक्यात ते पडतं आणि बाकीचे त्याला मध्ये घेऊन चालतात. मी डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. बॅगेत जुनी वही आहे, त्यांना नको असली तरी. ती त्यांची आहे.