जागच्या जागी थांबणारा ड्रोन

पोरांसाठी ड्रोन घ्यायचा म्हटलं की डोक्याला किती ताप होतो, हे दुकानात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. लेकीचा वाढदिवस जवळ आला होता आणि या खेपेला तिनं स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. एरवी ती मागतच नाही. नवी वस्तू हातात आली की आधी घाबरते. सायकल एकदा आपटली, त्यानंतर ती तिच्यावर बसली नाही. कीबोर्डची एक पट्टी निघाली आणि तो कपाटावर जाऊन पडला. काय झालं विचारलं की मान खाली आणि एकच उत्तर, "माझ्यामुळंच झालं." दहा वर्षांची पोर असं बोलते तेव्हा मला चीडही यायची आणि वाईटही वाटायचं. म्हणून ठरवलं होतं, हा ड्रोन तिच्या हातून बिघडता कामा नये. बाकी मला काही नको होतं.

नवी पेठेतल्या दुकानदाराला हेच सांगितलं. नवशिक्या पोराला झेपेल असा द्या.

"साहेब, ह्येच्यात भारीतला कॅमेरा हाय."

"कॅमेरा राहू द्या. पंख्यांना जाळी आहे का?"

"जाळी न्हाय, पण कोलांटी मारतो की!"

"हात सोडला तर जागच्या जागी थांबतो का?"

"थांबायला कशाला पायजे? उडवायला घेताय न्हवं?"

खोक्यावर शिशुवर्गातल्या पोराचा फोटो, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, चौदा वर्षांवरील मुलांसाठी. म्हणजे ज्याचा फोटो छापला त्यालाच उडवायची मनाई. पुढच्या दुकानात तर ड्रोन सोडून रिमोटवरचं हेलिकॉप्टर गळ्यात मारायला निघाले. मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचावेत, तर एक म्हणतो झकास आणि दुसरा म्हणतो पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या टाकीत. ऑफिसातला एक जण म्हणाला, खेळण्याचा एवढा काय कीस पाडतोस? मी त्याच्याशी आठवडाभर नीट बोललो नाही.

शेवटी हवा तसा मिळाला. हलका, चारही पंख्यांना जाळी, एक बटण दाबलं की गुमान खाली उतरणारा. पोटाला दोन बारीक भिंगं होती. घरी आल्यावर मी लेकीला ती दाखवली. "हे याचे डोळे. खालची जमीन बघत तो स्वतःला सावरतो. तू बोटं काढलीस तरी जागा सोडणार नाही." तिनं त्या डोळ्यांवरून हळूच बोट फिरवलं आणि पहिल्यांदा हसली.

वाढदिवसासाठी कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीहून आई आली होती. तिच्या राज्यात नव्या वस्तूला पूजेशिवाय हात लागत नाही, त्यात हे तर उडणारं वाहन. सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत देवासमोर नारळ फुटलासुद्धा. ऊन तापायच्या आत आम्ही तिघं गच्चीवर गेलो. आईनं सकाळीच घातलेले सांडगे एका कोपऱ्यात वाळत होते.

लेकीनं बटण दाबलं. ड्रोन छान वर गेला आणि लगेच डावीकडे सरकायला लागला.

"बोटं काढ!"

"काढली, अप्पा."

तरी तो सरकतच राहिला आणि कठड्यावर जाऊन आपटला. पुन्हा उडवला, तर दोरीवरच्या साडीत गुंतला. "बोटं काढ म्हणतोय ना मी!" माझा आवाज खालच्या गल्लीत गेला असणार. तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. मग रिमोट मी घेतला. माझ्या हातातही तेच. फिरत फिरत गेला आणि सरळ आईच्या सांडग्यांत उतरला.

"माझ्यामुळंच झालं," लेक म्हणाली.

"अगं, रिमोट माझ्या हातात आहे!"

माझं डोकं फिरलं. गच्चीवरूनच दुकानदाराला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. आई म्हणाली, "आरं, वरडू नगंस, पोर भ्याली बग." मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. आत्ताच्या आत्ता परत करायचा म्हणून खोकं आणलं, ड्रोन त्यात घालायला उलटा केला आणि हात थांबला. पोटावर पांढरं फासलेलं होतं. विभूतीची तीन बोटं, मध्ये कुंकवाचा टिळा, आणि विभूतीचा ओघळ वाळून दोन्ही भिंगांवर बसलेला.

"हे कुणी केलं?"

"मीच की," आई म्हणाली. "त्याचं तोंड कुटं हाय कळंना. उलटा केला तर डोळं दिसलं. म्हटलं डोळ्याच्या वर कपाळ आसंल, तितं लावली. इबूत वली हुती, वघळली वाटतं."

"आई, अगं डोळ्यांवर—"

"माझ्यामुळंच झालं!" लेक मध्ये आली. "मी तेव्हाच आज्जीला सांगायला पाहिजे होतं."

"तुला माहीत होतं?"

तिनं मान डोलावली.

"मग सकाळपासून गप्प का?"

"तुम्ही आज्जीवर ओरडला असता."

फोनवर बोललेलं सगळं अजून माझ्याच कानात घुमत होतं. कीबोर्डची पट्टी खरंच कुणी काढली होती, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं. विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

आईनं पदराचं टोक ओलं केलं आणि ड्रोनचे डोळे पुसले, पोराचं तोंड पुसावं तसे. कुंकवाचं बोट मात्र परत लावलं, वरच्या बाजूला. लेकीनं रिमोट घेतला. ड्रोन वर गेला. तिनं बोटं काढली. तो हवेत थांबला, टाकीच्या जरा अलीकडे, जागच्या जागी.

"शाब्बास! आता डावीकडे, हळू, अगं हळू, एकदम नको—"

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अप्पा, तुम्ही जरा खाली जावा की. आज्जी राहू दे."

मला राग आला. एवढी दुकानं मी पालथी घातली होती. पण गेलो. जिन्यात, दाराआड, पायरीवर बसलो. वर घरघर चालू होती. आई कानडीत काहीतरी म्हणत होती. मग धाडकन काहीतरी आपटलं. मी उठलो. दाराच्या कडीला हात गेला, तो मागे घेतला आणि परत खाली बसलो.

"माझ्यामुळंच झालं," लेक म्हणाली, आणि दोघी खळखळून हसत सुटल्या.