फुलसावंगीच्या काकूंचा हसरा फोटो

नवीन डिजिटल कॅमेरा घेतलेला माणूस दोन महिने तरी असह्य असतो. मी तशीच होते, त्यात रविवारच्या वर्गात फोटोच्या चौकटीचे चार नियम शिकले होते. शेवटी ऑफिसातली संगीता म्हणाली, "एवढी हौस आहे तर फुलसावंगीला जा आणि माझ्या आईचा हसरा फोटो आण."

कापसाच्या वाईट बातम्यांची ती वर्षं. एका पेपरात तिच्या आईचा डोक्याला हात लावलेला फोटो छापून आला होता. आई फोनवर "बरी आहे" म्हणायची, पण संगीताचा विश्वास बसत नव्हता.

पुण्याहून पुसदला थेट बस आहे. स्टँडवर आलूबोंडा खाऊनच घ्या, पुढची एसटी कधी सुटेल हे कंडक्टरही सांगत नाही. वाटेत फुटलेल्या कापसाची शेतं. माणूस मधोमध नको, एक तृतीयांशावर ठेवा, असा नियम आहे. मी एका बैलावर तो लावेपर्यंत बैल चौकटीबाहेर निघून गेला.

संगीताच्या आईनं, म्हणजे काकूंनी, "जयभीम, ये माय" म्हणत चहा दिला. कॅमेरा काढला तशा त्या उंबऱ्यावर बसल्या आणि हात थेट डोक्याला.

"काकू, हात खाली."

"पेपरवाल्यानं असंच बसवलं होतं ना. मी तं एसटीची वाट पाहून राह्यली होती."

तेवढ्यात शेजारीण आली आणि डोक्याला हात लावूनच शेजारी बसली. गावात इतके कॅमेरे येऊन गेले होते की सगळ्यांना तीच सवय लागली होती. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

तिला बाजूला बसवून मी घरात शिरले. दाराची चौकट, त्यात काकू, नजरेसमोर मोकळी जागा.

"काकू, जरा तिकडं बघा."

"तिकडं कायले पाहू? तिकडं कोनी नाही."

आख्खं दार मावेना म्हणून मी मागे सरकत गेले. भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस खोलीत छतापर्यंत होता. मी पाठीवर त्यात पडले आणि बोट बटणावर दाबलं गेलं.

"हळू वो माय, गादी भरली नाही अजून," काकू पोट धरून हसत म्हणाल्या.

फोटो वाकडा. काकू बरोब्बर मधोमध, खळखळून हसताना, पुढ्यात माझा वर उडालेला पाय. नंतरचे नियमात बसणारे सगळे फोटो मी पुण्यात आल्यावर पुसून टाकले.

संगीतानं तो फोटो खूप वेळ पाहिला, हसली आणि मग तो मोठा करून पाहू लागली.

"पुढचे दोन दात पडलेत. मला बोललीच नाही."

त्याच दुपारी तिनं रजेचा अर्ज दिला.