उत्तर सगळ्यांना

ती खूण मीच केली, हे आधी सांगून टाकते. नाहीतर लोक उगाच कॉम्प्युटरला शिव्या देतात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी तात्पुरती कामाला होते. रोज एरंडोलहून एसटीने यायचं, एसटीने जायचं. अख्ख्या कॉलेजला ई-मेलचा पत्ता एकच आणि तो उघडणारी मी एकटी. आलेली प्रत्येक मेल छापायची, आवकचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायची. सर वाचून हिरव्या शाईने सही करत, मग ती फाइलला. कागदावर न आलेली मेल सरांच्या लेखी आलेलीच नसे.

आम्ही ग्रंथालयांच्या एका मेलिंग लिस्टवर होतो. लिस्टच्या पत्त्यावर पत्र टाकलं की ते सगळ्या कॉलेजांना पोचायचं, आम्हालाही परत यायचं. सरांना तिथे मतं मांडायची भारी हौस. पण 'उत्तर द्या' दाबलं की पत्र फक्त मूळ लिहिणाऱ्यालाच जाई. महिनाभर सर लिहीत राहिले आणि कुणी हूं की चूं करेना. शेवटी भडकले, "अगं, मी काय भिंतीशी बोलतोय का?"

दोन दिवस त्या प्रोग्रामच्या मागे लागले. सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला: या लिस्टवरच्या पत्राला दिलेलं उत्तर लिस्टलाच जावं. तिथे खूण केली. दुसऱ्याच दिवशी सरांना धुळ्याहून दोन उत्तरं आली. त्यांनी मला चहा पाजला. मी हवेत!

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका ग्रंथपाल बाईंनी लिस्टवर कळवलं, त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. मला दुसरं काही सुचेना. लगेच लिहिलं, "मॅडम, मला इथून बाहेर पडायचंय. माझा जीव गुदमरतो. सर चांगले आहेत, पण आयुष्यभर शिक्के मारत बसायचं नाहीये. घरी सांगितलेलं नाही. कृपया हे आपल्यातच ठेवा." आणि 'उत्तर द्या' दाबलं.

दुपारी मेल उघडली तर पहिलं पत्र माझंच. अगं बाई गं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. छापलं नाही तर? पण धुळ्याच्या प्राचार्यांनीही ते वाचलं असणार, आणि त्यांचा रोज संध्याकाळी सरांना फोन. छापलं. शिक्का मारला. नंबर टाकला. टेबलावर ठेवलं.

सरांनी वाचलं, सही केली, "फाइलला लाव," म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

चार दिवसांनी त्यांनी बोलावलं. "संस्थेशी बोललोय. तुला कायम करतोय. आधी बोलायचं ना, पोरी." हे कळवळ्याने की हुशारीने, मला आजवर कळलेलं नाही.

"पोर कायम व्हयनी! आते बठ्ठं चांगलं व्हई," म्हणत आबांनी, माझ्या वडिलांनी, गल्लीभर पेढे वाटले. आई रडली. मीही एक पेढा तोंडात टाकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

दुसऱ्या दिवशी सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. माझ्याच पत्राला उत्तर सांगितलं, "सदर कर्मचारी आमच्याकडे कायम झाल्या आहेत. तरी त्यांच्या अर्जाचा विचार करू नये. लिही. सगळ्यांना कळू दे." आणि तासाला निघून गेले.

मी एकटी उरले. माझं पत्र गेलं होतं कॉलेजच्याच पत्त्यावरून. म्हणजे त्या चौकोनातली खूण काढली, की सरांचं उत्तर लिस्टला न जाता फिरून फक्त आमच्याकडेच येणार. मी ते छापणार, सर सही करणार, कुणाला काही कळणार नाही. पुण्याची वाट उघडी राहणार.

चौकोन उघडला. पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरणारे आबा आठवले. चीड आली, आबांची नाही, सरांचीही नाही, माझी मलाच. खूण तशीच ठेवली आणि पाठवलं.

पत्र बरोबर सगळ्यांना गेलं. संध्याकाळच्या आत पुण्याच्या बाईंचं उत्तर लिस्टवर आलं, एकच शब्द, "अभिनंदन!" मी ते छापलं आणि त्यावर शिक्का मारला.