चौऱ्याऐंशी फुटांचं यान

माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिसगावहून आमच्याकडे नगरला, सावेडीत आले आणि महिनाभर राहिले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाले तेव्हा ते हेड मेकॅनिक होते. मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रॉइंग करते. आमच्याकडे दुधाच्या टँकरच्या टाक्या बनतात. टाकीचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक झाकण आधी माझ्या कॉम्प्युटरवर तयार होतं, मग पत्रा कापायला शॉपवर जातं.

मला सातवीपासून एक वेड आहे, अवकाशातल्या सिनेमांचं. यानं, परग्रह, अवकाशातल्या लढाया. असा सिनेमा लागला की मी पहिल्या आठवड्यात जाणारच. माझा नवरा अर्ध्या तासात झोपतो, म्हणून बहुतेक वेळा मी एकटीच जाते. त्या रविवारी मात्र तो म्हणाला, "डॉक्टरांनी आता परवानगी दिलीय ना? मग आबांनाच ने. नवीन डोळे आहेत, वापरू दे की."

आबांनी विचारलं, "देवाचा हाय का?"

"नाही आबा. अवकाशातला आहे. यान आहे त्यात, दुसऱ्या ग्रहावर जातं."

"यान म्हंजी गाडीच ना? मंग चल."

बाराचा शो होता. हिंदीत डब केलेला. पहिली चाळीस मिनिटं आबा गप्प होते. मला वाटलं कंटाळले. पडद्यावर नायकाचं यान एका दलदलीच्या ग्रहावर उतरलं. तीन बारीक पाय खाली आले, यान डौलात टेकलं आणि माझ्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, तोही वर्कशॉपमध्ये इंजिन चालू असताना बोलायच्या पट्टीतला.

"अगं, खचंल की ते!"

पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "आबा, हळू."

"हळू काय? येवढं वजन, आन् पाय बघ, सायकलच्या पंपासारखे. चिखलात आमी जॅकखाली सुदीक फळी ठेवतो."

त्यानंतर त्यांनी सोडलं नाही. पोटाखालचं दार उघडून उतरायची फळी खाली आली, तर म्हणे बिजागरी कुठंय. यान बर्फातून उठून सरळ वाळवंटात गेलं, तर म्हणे इंजिन गरम तरी होऊ द्या. अवकाशात वळताना यान एका अंगाला कललं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने कानात सांगितलं की आबा, तिथे हवाच नसते. ते म्हणाले, "हवा न्हाई, तर पंख कशाला लावलेत?"

खरं सांगते, मला राग आला होता. रिक्षातून परत येताना मी त्यांना समजावत होते की त्या लोकांचं तंत्र आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढचं असतं, आपले नियम त्याला लावायचे नसतात.

"तंत्र येगळं असू दे," आबा म्हणाले. "माप येगळं कसं आसंल? तो पोरगा किती उंच हाय? पावनेसहा फूट? मंग तो ज्या दारातनं आत जातो, ते दार त्याच्या मापाचंच आसनार. व्हय का न्हाई?"

रिक्षा प्रेमदान चौकाच्या गर्दीत उभी होती आणि आबांचं बरोबर होतं. जगात कुठलंही तंत्र असो, माणूस जिथे उभा राहतो तिथे मोजपट्टी उभी राहते. मी रोज हेच काम करते आणि इतक्या वर्षांत एकाही यानावर हे करून बघितलं नव्हतं!

घरी आल्यावर चहासुद्धा न ठेवता मी लॅपटॉप उघडला. सिनेमाचं एक चित्र सापडलं, यान पूर्ण दिसतंय आणि नायक त्याच्या पायाला टेकून उभा आहे. दोघं एकाच अंतरावर, त्यामुळे मापात लबाडी नाही. पडद्यावर पट्टी लावली. नायक अकरा मिलिमीटर. यान एकशे साठ. मी गुणाकार-भागाकार केला आणि ओरडले, "आबा, चौऱ्याऐंशी फूट!"

"आन् रुंदी?"

"चाळीस."

"दोन बसगाड्या म्होरं-मागं लावल्या की झालं," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की जणू ते यान दुरुस्तीला डेपोतच आलंय. "आता आतलं माप घे."

आतलं माप सोपं नव्हतं. पण त्या सिनेमातलं एक दृश्य मोबाईलवर बघायला मिळत होतं. यानाला आग लागते आणि नायक पुढच्या केबिनपासून मागच्या इंजिनापर्यंत लांब बोळातून धावत सुटतो. मी वेळ मोजली. बावीस सेकंद. मध्ये कुठे वळण नाही, जिना नाही, दृश्य कुठे तुटत नाही. आबांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं. तो बिचारा रविवारची दाढी अर्धी टाकून आला होता.

"पळ," आबा म्हणाले.

"कुठे?"

"सरळ. ही थांब म्हणंस्तोवर."

तो बावीस सेकंद पळाला. पोट सांभाळत, चपला फटफटवत. मी टेप लावली. दोनशे चाळीस फूट. नायक त्याच्यापेक्षा नक्कीच जोरात पळत होता, म्हणजे सहज तीनशे. आणि यान चौऱ्याऐंशी फुटांचं! मी आणि आबा एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. वॉचमन काय झालं म्हणून विचारायला आला, तर त्याच्याकडे बघून आम्ही आणखीच हसलो.

पुढच्या शनिवारी आबांना घरी सोडायला आम्ही तिसगावला गेलो. वाटेत आबांनी गाडी थांबवायला लावली आणि एका दुकानातून फक्की घेतली, मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. "खरंखुरं आखून बघू," ते म्हणाले. "कागदावर कळत न्हाई."

घरामागे त्यांचा एक पडीक मुरमाड तुकडा आहे. चहा झाल्या झाल्या आम्ही खुंट्या आणि सुतळी घेऊन तिथे गेलो. मी लॅपटॉपवरून मापं सांगायची, नवरा टेप धरायचा, आबा फक्की सोडायचे. तासाभरात माळावर एक अख्खं यान पडलं होतं. टोकदार नाक, दोन पंख, मधला बोळ, नायकाची खोली, सगळे जेवतात ते टेबल. मी केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. सातवीतली मी असते तर तिथेच रडले असते. मी यानात उभी होते. ते खरंच मोठं होतं, आणि मला त्याच्या शेपटीपर्यंत दिसत होतं.

तोपर्यंत लोक जमलेच. कोणाला वाटलं घर बांधताय, कोणाला वाटलं कुस्त्या ठेवल्यात. आबांनी दोन वाक्यांत सांगितलं की ही आभाळात जानारी गाडी हाय, बारा मानसं, चाळीस दिवसांचा परवास. लोकांनी ते जितक्या सहज ऐकून घेतलं तितक्या सहज आमच्या ऑफिसात कोणी घेतलं नसतं. एकदम प्रश्नच सुरू झाले.

शेजारच्या काकू पदर खोचून थेट रेषा ओलांडून आत आल्या. "संडास कुठंय?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. "दाखवलेला नाही, काकू."

"बारा मानसं, चाळीस दिस, आन् संडास न्हाई?" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू यान मीच बांधलं. "आन् पानी?"

पाणी! या दुष्काळी भागात तो प्रश्न कोणीतरी विचारणारच होतं. मी हिशोब केला. माणशी दिवसाला दहा लिटर, तेही अगदी काटकसरीने. बारा माणसं, चाळीस दिवस. "चार हजार आठशे लिटर," मी म्हणाले.

"म्हंजी एक टँकर," मागून कोणीतरी म्हणालं. तो माणूस खरंच टँकरवाला होता. पाच हजार लिटरचा टँकर ट्रॅक्टरला जोडून तो रस्त्याच्या कडेलाच उभा होता. आबांनी त्याला हात केला. "आन की आत."

"रेघा पुसतील."

"मागच्या दारानं आन. इंजिनाच्या बाजूनं."

आणि तो घेऊन आला! लोक दोन्हीकडे सरकले, काकू "जरा डावीकडं, डावीकडं" करत पुढे, आणि टँकर हळूहळू मागे येत यानाच्या पोटात उभा राहिला. जेवणाचं टेबल गेलं. नायकाची खोली गेली. बोळ अर्धा बंद झाला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी धावत त्या टँकरभोवती फिरून टेप लावत होते आणि एकीकडे बोलतच होते, की टाकी अशी नुसती ठेवून चालणार नाही, आत आडवे पत्रे लागतील, नाहीतर वळताना पाणी हिंदकळून यानच फिरवेल, आणि टाकी धुवायला माणूस आत शिरेल एवढं भोक लागेल. हे सगळं मला माहीत होतं. मी रोज हेच काढते. पण आपलं रोजचं काम यानाला लागू पडतं, हे मला त्या मुरमावर उभं राहून कळलं.

मग आबांनी नवऱ्याला पुन्हा पळायला लावलं. टँकर आधी बाहेर काढला. मी मोबाईल धरला. तो केबिनमधून सुटला, पहिल्या सात-आठ सेकंदांतच शेपटीतून बाहेर पडला, बांधावरून उडी मारली आणि बाविसाव्या सेकंदाला शेजाऱ्यांच्या कांद्याच्या रोपात उभा होता. शेजारी लांबून ओरडले. आबांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "आरं, त्यो इंजिनाकडं चाललाय!"

मग वाद सुरू झाला, बोळ एवढा लांब निघतोच कसा. कोणी म्हणालं, खाली तळघर असंल. टँकरवाला म्हणाला, गोल असंल, भोवऱ्यासारखा. मला तो गोल बोळ पटत होता, पण दृश्यात वळण नव्हतं. मोबाईलच्या पडद्यावर भिंत म्हणजे नुसता करडा पट्टा दिसत होता, त्यावरून काही कळेना. आबांनीही मोबाईल जवळ-लांब धरून बघितला. मग म्हणाले, "परत बघावं लागंल. मोठ्या पडद्यावर."

म्हणजे ज्यांना सोडायला आलो होतो त्यांना घेऊनच आम्ही रविवारी नगरला परतलो. सिनेमा उतरायच्या बेतात होता, थिएटरमध्ये पंधरा-वीस माणसं असतील. या वेळी नवराही आला होता आणि तो झोपला नाही. आग लागली. नायक धावला. मी नायकाकडे बघत होते, आबा भिंतीकडे.

"त्यो पत्रा!" आबा उभेच राहिले. "कोपऱ्यात पोचा आलेला. वरचा बोल्ट न्हाई. बघ, परत आला!"

मी बघितलं. करड्या पत्र्यांच्या रांगेत एक पत्रा, खालच्या कोपऱ्यात दबलेला, एका बोल्टाची जागा रिकामी. तो मागे गेला. थोड्या वेळाने तोच पुन्हा आला. आणि पुन्हा!

"तीनदा!" मी पण उभी राहिले. "आबा, तीनदा!"

मागून कोणीतरी "बसा हो" म्हणालं. आम्ही बसलो. बोळ तीनशे फुटांचा नव्हताच. शंभरेक फुटांची एकच भिंत होती आणि नायक तिच्यासमोरून तीन वेळा पळाला होता. कुठेतरी धुरात, अंधारात त्यांनी बेमालूम जोड दिला होता.

मला भीती वाटत होती की आता माझं यान गेलं. आता पुढचा कुठलाही सिनेमा बघताना मला पुठ्ठा आणि रंगच दिसणार. बाहेर येऊन उन्हात उभी राहिले तेव्हा मी आबांना तसं म्हणालेसुद्धा.

"काय बोलतीस!" आबा म्हणाले. "अगं, कुनीतरी वर्कशॉपात पत्रा कापलाय, ठोकलाय, रंग मारलाय. आन् येवढ्याशा भिंतीत त्यांनी तीनशे फूट काढले. आमाला येका बसच्या जागंत दोन बस लावायला सांगायचे, तवा जमायचं न्हाई." ते पुन्हा हसले. "लई हुशार मानसं. फकस्त संडास इसरले."

तेव्हापासून मी ते यान नव्याने काढते आहे. ऑफिस सुटल्यावर, एक एक शीट. पायांना रुंद पाट दिलेत, उतरायच्या फळीला बिजागरी आहे, पाण्याच्या दोन टाक्या दोन बाजूंना विभागल्यात म्हणजे तोल राहतो. काकूंच्या आग्रहाने दोन संडास आणि कपडे वाळत घालायला एक दांडी. यान आता एकशे बारा फुटांचं झालंय. शॉपवरचे वेल्डर जेवणाच्या सुट्टीत येऊन बघतात आणि जॉइंट कुठे धरणार नाही ते सांगतात. त्यांचंही बरोबर निघतं.

आबा तिसगावला परत गेले. त्यांचा दर रविवारी फोन येतो. परवा सकाळी मी पोहे परतत होते तेव्हा आला.

"येक राहिलं," ते म्हणाले. "हवा न्हाई, रस्ता न्हाई. मंग ती गाडी थांबती कशी?"

मी गॅस बारीक केला. खरंच की, कशी थांबणार? घासायला काहीच नाही. पुढे जायला जेवढा जोर लावला तेवढाच उलटा लावायला हवा, म्हणजे इंजिन पुढेही पाहिजे, नाहीतर अख्खं यान उलटं फिरवायचं आणि शेपूट पुढे करून यायचं. सिनेमातल्या एकाही यानाला असं उतरताना मी बघितलेलं नाही.

"आबा, फोन ठेवू नका," मी म्हणाले आणि नवऱ्याला पोह्यांकडे बघायला सांगून पेन्सिल शोधायला गेले.