आतून घेतलेलं माप

काचवाल्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. सगळी गल्ली त्यांना काचवाले म्हणायची, चर्चच्या मंडळीतही ते काचवालेच. एकदा तर भर प्रार्थनेत पाळकसाहेबांच्या तोंडून 'आमचे बंधू काचवाले' असंच निघून गेलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त आपणही कधी चुकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी दारांना, खिडक्यांना काचा बसवल्या. हाताखाली आलेल्या प्रत्येकाकडून एक नियम घोकून घेतला. मापाचं चित्र चौकटीच्या बाहेर उभं राहून काढायचं, आणि अगदीच आतून काढावं लागलं तर कागदाच्या कोपऱ्यात एक गोल करायचा. कारण चौकट कधी सरळ नसते, एक बाजू दोन-चार सूत जास्त असतेच, आणि आतून जी डावी ती बाहेरून उजवी. गोल विसरला की काच वाया गेली म्हणून समजा.

त्यांची लेक हा नियम चौदाव्या वर्षी शिकली. तिचा हात असा सफाईदार की पुढे दुकान तीच चालवणार, हे ठरल्यातच जमा होतं. पण दोन वर्षांपूर्वी एका दाराची नक्षीदार काच चुकली. काचवाले गिऱ्हाइकासमोर तिला नाही नाही ते बोलले. तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती गेली ती गेलीच. आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. येत्या रविवारी त्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि लेकीने निरोप धाडला होता तो फक्त आईला, "आई, तू दहाला ये." बाबांचं नावच नाही!

"काच बिघडवली तिने, रुसली तीच, आणि शिक्षा मला?" काचवाल्यांनी बायकोला विचारलं.

"तुमचं तुम्हीच शोधा," बायको म्हणाली आणि बाळाच्या स्वेटरचे टाके मोजू लागली.

काचवाल्यांना काही उलगडेना. नातीला एकदा तरी मांडीवर घ्यावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता. त्यातच पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, "मनात अढी ठेवून प्रभुभोजनाला येऊ नका. आठवडा हातात आहे. आधी जा, त्या माणसाशी समेट करा, मग या."

झालं! काचवाल्यांना वाटलं, सापडली वाट. घरी येऊन त्यांनी यादी केली. ज्यांनी ज्यांनी आपल्याला दुखावलं अशी सात माणसं. कामाची यादी करावी तशी, पुढे खूण करायला जागा सोडून.

सोमवारी सकाळीच ते शेजारच्या शिंप्याकडे गेले. "मी तुम्हाला माफ केलं," ते म्हणाले.

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या. "कशाबद्दल?"

"त्या कोटाची बाही. आठ वर्षांपूर्वीची."

"बाही बरोबर होती! तुम्हीच हात आखडून माप दिलंत."

"असू दे हो. माफ केलं म्हटलं ना."

"अहो, पण मला माफ करणारे तुम्ही कोण टिकोजीराव?" शिंप्याचा नुसता तिळपापड झाला. काचवाल्यांनी बाहेर येऊन खूण केली. मेहुण्यांनी तर वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. काचवाल्यांनी तिथेही खूण केली. मंगळवार संपेपर्यंत सहा खुणा झाल्या आणि सहा माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. डोक्याचा पार भुगा झाला बिचाऱ्यांच्या. माफ करायचं म्हणजे आणखी कसं करायचं?

सातवं नाव लेकीचं. बुधवारी स्वेटर पोचवायचं निमित्त करून ते तिच्या घरी गेले. तिने आत घेतलं, खुर्ची दिली. बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि पाळण्याजवळच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलेला. हात थोडाच गप्प बसतो! त्यांनी खिशातून टेप काढली, चौकट मापली आणि यादीच्याच पाठीमागे चित्र काढलं. मग पेन्सिल कानावर ठेवून, बाळ जागं होऊ नये म्हणून हळू आवाजात ते म्हणाले, "पोरी, त्या काचेबद्दल मी तुला माफ केलं."

लेकीने उठून दार उघडलं. "झालं तुमचं? या आता."

तिथून ते तडक पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेब खुर्च्या पुसत होते. सगळं ऐकून त्यांनी यादी मागितली आणि शांतपणे वाचली.

"या सगळ्यांनी तुम्हाला दुखावलं. तुम्ही ज्यांना दुखावलं, त्यांची यादी?"

काचवाल्यांनी कागद उलटा केला. "मागे खिडकी आहे."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. मग ते बाजूच्या खुर्चीवर बसले. "मी माझ्या भावाशी भांडलो होतो तेव्हा तीनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. त्याला माफ करायची माझी तयारी केव्हाची होती हो! 'मी चुकलो' म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती. प्रभू सोबत येतो, काचवाले. पण बेल आपल्यालाच वाजवावी लागते."

"पण मी चुकलो कुठे?"

"ते मला कसं ठाऊक असणार? प्रभूलाच विचारा."

काचवाल्यांनी विचारलं. गुरुवारी विचारलं, शुक्रवारीही विचारलं, काच कापता कापता. 'प्रभो, मी काय केलं ते तू तरी सांग.' वरून काही उत्तर आलं नाही. त्यांना वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण पुठ्ठ्यातून बाळाला वारा लागत असणार, निदान तेवढं तरी करावं, म्हणून शनिवारी सकाळी ते काच घेऊन लेकीच्या खिडकीपाशी बाहेरून उभे राहिले.

बाळासाठी म्हणून लेकीने आतून पुठ्ठा काढला. बाळ तिच्या खांद्यावर होतं. काचवाल्यांनी काच लावली. बसेना. डावीकडे फट, उजवीकडे अडत होती. त्यांनी ती उलटी करून पाहिली, तर चपखल बसली. पण काच धुरकट, एका अंगाने खरखरीत. ती खरखरीत बाजू बाहेर आली, जी आत हवी. पुन्हा फिरवली. पुन्हा फट.

"बाबा," आतून लेक म्हणाली, "माप आतून घेतलंत का?"

काचवाल्यांनी काच चौकटीतून मागे घेतली.

हेच. शब्दन् शब्द हेच तिने त्या दिवशी विचारलं होतं, दुकानात, चित्राचा कागद हातात धरून. आणि ते गिऱ्हाइकासमोर गरजले होते, 'मला शिकवतेस? गप कापायला घे!' तिने कापली. काच बसली नाही. मग ते म्हणाले होते, 'पोरीच्या हातात दिलं की असंच होणार.' आणि त्या दाराचं माप... त्या घराबाहेर पाऊस होता, म्हणून त्यांनी आत उभं राहूनच घेतलं होतं.

एका हाताने काच छातीशी धरून त्यांनी खिशातून यादी काढली. मागची खिडकी पाहिली. कोपऱ्यात गोल नव्हता.

"गोल करायला विसरलो," ते म्हणाले. "आजही. आणि... त्या दिवशीही मीच. तू विचारलं होतंस. मी तुला सगळ्यांसमोर... पोरी, तुझी काच बरोबर होती. तू चुकलीच नव्हतीस. मी चुकलो."

लेकीचे डोळे भरून आले होते आणि बाळ तिच्या कानातलं ओढत होतं.

"दोन वर्षं, बाबा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी ती काच मनात कापतेय. कुठे चुकले म्हणून."

काचवाले खिडकीबाहेर उभ्या उभ्या रडले. दोन्ही हातांत पुन्हा काच धरलेली, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"मला माफ केलंस का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. अजून राग आहे." तिने नाक पुसलं. "ती काच खाली ठेवा आधी."

त्यांनी ठेवली. ती बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या खिशातून टेप आणि पेन्सिल काढून घेतली.

"मान नीट धरा तिची. माप मी घेते. काचही मीच कापणार, आजच." टेप चौकटीला लावत, त्यांच्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "आणि उद्या दहाला या. आईबरोबर."